एसीतून पाणी गळतंय? आधी थेंब कुठून पडतो ते बघा

मेकॅनिकला फोन करण्याआधी टॉर्च घेऊन थेंब नेमका कुठून पडतोय ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

हवा येते त्या पट्ट्यांवर दव साचून थेंब पडत असतील, तर बहुधा यंत्र बिघडलेलं नसतं. मुंबईच्या पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असली की 26 अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. पट्ट्या तर त्याहून कितीतरी गार असतात. दाराखिडक्यांच्या फटी बंद करा, एसी 25-26 वर ठेवा, पंख्याचा वेग वाढवा, पट्ट्या पूर्ण उघडा. 18 वर लावून वर खिडकीही किलकिली ठेवणाऱ्यांना काय सांगायचं!

पाणी युनिटच्या कडेने किंवा भिंतीवरून ओघळत असेल तर संशय ड्रेन पाइपवर, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीवर. बाहेर पाणी पडतंय का बघा. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं असेल तर आधी ते वर काढा. आत हवा अडकते आणि पाणी तुंबतं. पाइपला मध्ये कुठे चढ किंवा झोळ नको. आतला चिकट गाळ बाहेरच्या टोकाकडून व्हॅक्यूमने ओढता येतो, पण पाणी ओढणाराच व्हॅक्यूम हवा.

फिल्टर धुवा, हे वेगळं सांगायला नको. फिल्टरमागच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड चालवा, म्हणजे तो वितळेल. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला तर गॅस कमी असू शकतो. मग मेकॅनिक बोलवा, पण गॅसची गळती न शोधता नुसता गॅस भरू देऊ नका.