साठीनंतरचं पाचारण

“मॅडम, साठी उलटल्यावर देव कुणाला लिहायला बसवतो का?”

कळव्याहून आलेल्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एका नर्स सिस्टरांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंच्या अंत्यविधीला त्यांनी चार ओळी लिहून वाचल्या. लोकांनी कागद मागून नेला, पाळकसाहेब म्हणाले, लिहीत जा. तेव्हापासून पहाटे वही. याला त्या पाचारण म्हणायच्या, पण दबक्या आवाजात. मुलाचं एकच, “आई, आता आराम कर ना.”

निवृत्तीनंतर अचानक काही गवसलेली माणसं माझ्याकडे ठाण्यात समुपदेशनाला बरीच येतात. मी आधी झोपेचं विचारते. झोप उडालेली, तरी अंगात जोर, पैशांची उधळपट्टी, ‘मलाच खास निवडलंय’ ही खात्री, असं सगळं एकदम दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. मग धर्म कुठलाही असो. सिस्टर शांत झोपत होत्या, पेन्शनचा हिशेब चोख. बोलावणारा देवच का, हे ठरवणं माझं काम नाही, हेही त्यांना सांगून टाकलं.

वही मागवली. पानंच्या पानं प्रभूच्या कृपेची, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी. मधेच एक ओळ: माझ्या रात्रपाळीत दगावलेल्या एका पेशंट मुलाच्या मुठीत टीएमटी बसचं तिकीट होतं, ते मी खिशात ठेवलं. पुढे परत कृपा.

“त्या रात्री काय झालं?”

त्या बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. “मला प्रार्थनाच करता आली नाही. हे लिहिलं तर मंडळीत काय म्हणतील?”

म्हणजे अडचण वयाची नव्हतीच. वय पुढे केलं की समोरचा जास्त खोदत नाही, एवढंच.

मी लक्ष्मीबाई टिळकांचं नाव काढलं. “त्या कुठे, मी कुठे!” हे अपेक्षितच होतं. म्हणून थोरवी बाजूला ठेवून नुसती सालं मांडली. जन्म 1868 चा, अक्षरओळख लग्नानंतरची, आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपात येऊ लागलं 1934 मध्ये. नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाई कोलमडल्या होत्या. स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या काही वर्षांनी. मधला राग, भांडणं, फजिती, काहीच त्यांनी सोवळ्यात गुंडाळून ठेवलं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं आहे. तिथून पुस्तक आणा, म्हटलं, आणि भक्तीने नको, गोष्ट म्हणून वाचा.

पुढच्या भेटीत त्यांनीच पवित्र शास्त्र उघडून 13वं स्तोत्र पुढे धरलं. देवाला ‘मला कुठवर विसरणार?’ असं तोंडावर विचारणारं. “दाविदाला चालतं,” म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले: पेशंटचं नाव, वॉर्ड, साल, काहीही ओळखू येता कामा नये. नोकरी संपली तरी पेशंटची गुपितं आपली होत नाहीत. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिकिटावरचा बसमार्ग त्यांनी आधीच खोडला होता.

लेख एका ख्रिस्ती मासिकाकडे गेला. प्रार्थना न झाल्याचं वाक्य गाळलं तर छापू, असं उत्तर आलं. “काय करू, मॅडम?” मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा. त्यांनी वाक्य ठेवलं आणि लेख दुसरीकडे पाठवला. मुलाला अजून वाचायला दिलेला नाही. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.