काकूंचे गुडघे आणि बँकेतली ‘पेन्शन पॉलिसी’

बडोद्याहून एका निवृत्त वाचकांचं पत्र आहे. वय 67, पत्नी 64, दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. काकूंचे दोन्ही गुडघे झिजलेत, ते बदलायच्या ऑपरेशनचा खर्च साडेचार लाख. पेन्शन महिना 32 हजार, एफडी 18 लाख. ‘एफडी मोडू, सोनं तारण ठेवू, की वर्षभर थांबू? पुढच्या महिन्यात पॉलिसीचा अडीच लाखांचा हप्ताही आहे.’

काका, एफडी मोडा. साडेचार लाखांवर 7 टक्क्यांनी महिन्याला 2,600 रुपये व्याज कमी येईल, एवढंच. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज त्याहून जास्त जाईल. 

आता त्या हप्त्याकडे येऊ. ‘आजारपणातही उपयोगी पडेल’ म्हणून गेल्या वर्षी बँकेतल्या मुलाने गळ्यात मारलेली ही ‘पेन्शन पॉलिसी’ साधा आयुर्विमा आहे. गुडघ्यांसाठी तिच्यातून दमडी मिळणार नाही. दहा वर्षं अडीच-अडीच लाख भरायचे, मग तुमच्या 78व्या वर्षापासून 15 वर्षं दरसाल 3 लाख घ्यायचे. शेवटचा चेक हातात पडेल तेव्हा तुम्ही 92 वर्षांचे! परतावा जेमतेम सव्वाचार टक्के. 66 वर्षांच्या माणसाला हे विकणाऱ्याला काय म्हणावं?

पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून तुमच्याकडे महिन्याला 42 हजार येतात, त्यातले 21 हजार या हप्त्यात जातील. म्हणजे एफडी मोडणारच आहात, फक्त काकूंच्या पायांसाठी नाही.

दुसरा हप्ता भरू नका. परत करायची 30 दिवसांची मुदत गेली, पण 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा हप्ता भरून वर्ष पूर्ण झालं की पॉलिसी सरेंडर केल्यावर, म्हणजे मध्येच बंद केल्यावर, काही रक्कम मिळते. आकडा कंपनीकडून लेखी मागवा. लाख-सव्वा लाख बुडाले तरी पुढचे साडेबावीस लाख वाचतात. फसवून विकल्याची तक्रारही लेखी द्या. महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं.

ऑपरेशननंतर काकू पूर्वीसारख्या मांडी घालून पूजेला बसतील, हे मात्र गृहीत धरू नका. दुखणं बरंच कमी होतं, चालणं आणि जिना सुधारतो. मांडी आणि उकिडवं बसणं डॉक्टर बहुधा टाळायलाच सांगतात. साधारण पाचातला एक जण तर निकालावर नाराजच असतो. पहिल्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीवर बरंच अवलंबून असतं, आणि तिथेच लोक हात आखडतात. फिजिओ, कमोडची उंच सीट, मदतीला बाई, यासाठी वेगळे 70 हजार ठेवा. ‘आयुष्यभर टिकणारा’ महागडा गुडघा कोणी सुचवला तर लक्षात असू द्या, बदललेल्या गुडघ्यांपैकी दहातले आठ 25 वर्षं टिकतात, आणि इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात तो आकडा वेगळा मागा.

आणि हप्त्याचं ऑटो-डेबिट आजच बँकेत लेखी अर्ज देऊन बंद करा. पोच घ्यायला विसरू नका.