दोन्हीकडे नंबर लागला, आता?

"मॅडम, एकाच ठिकाणी लागला असता तर बरं झालं असतं," असं म्हणत गुरुजींनी चौकटींची वही माझ्यापुढे सरकवली. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक, सोबत मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) एमबीबीएसच्या प्रवेशात ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांतून तिला आंध्रातलं जुनं सरकारी कॉलेज लागलं होतं आणि राज्याच्या ८५ टक्क्यांतून घरापासून दीड तासावरचं अगदी नवं सरकारी कॉलेज. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सुरू झाली, त्यांतलं एक. वर मामाचा हट्ट, कर्ज काढा पण खासगी घ्या. मुलींची फी-माफी वार्षिक ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. गुरुजींचा पगार त्यापलीकडे. खासगीचा रकाना मी पाच मिनिटांत खोडायला लावला.

उरलेल्या दोघांना गुरुजींनी गुण दिले होते. स्थापनेचं साल, अंतर, मेस, हॉस्टेल. बेरीज जवळपास सारखीच. मुलगी गप्प.

"तुला कशाची भीती वाटते?"

"बाहेर राहायची नाही. दोन वर्षं लातूरला काढली की. पण नव्या कॉलेजात शिकवायला कुणी नसतं, डिसेक्शनला बॉडी नसतात, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"टेलिग्रामवरचे."

एमबीबीएसला कॉलेज निवडू नये, हॉस्पिटल निवडावं, असं माझं मत आहे. पुढच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेच्या मार्कांत कॉलेजच्या नावाला जागा नसते. वॉर्डात किती पेशंट पाहिले, ते मात्र जन्मभर पुरतं. म्हणून त्यांना म्हटलं, सोमवारी सकाळी नऊला त्या नव्या कॉलेजच्या ओपीडीत जाऊन नुसतं उभं राहा. मग अ‍ॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेच्या विभागात जा, आणि आधीच्या बॅचच्या दोन मुलींशी गुरुजी जवळ नसताना बोल.

दोघं परत आली ती बरंच काही घेऊन. कॉलेज नवं, पण हॉस्पिटल जुनं जिल्हा रुग्णालयच. केसपेपरची रांग फाटकापर्यंत, बाळंतिणींच्या वॉर्डात खाट रिकामी नाही. टेलिग्रामवाले अगदीच खोटे नव्हते: एका बॉडीभोवती वीसेक मुलं, काही विभागांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, मुलींचं हॉस्टेल भाड्याच्या इमारतीत. हे मी गोड करून सांगितलं नाही. पहिलं वर्ष तिथे बरंचसं स्वतःच्या बळावर काढावं लागणार होतं.

आंध्रात प्राध्यापक होते, अवयवांच्या नमुन्यांचं म्युझियम होतं, पण पेशंट तेलुगूत बोलणार. आपली कितीतरी मुलं कामापुरती तेलुगू, तमिळ शिकतात, त्याचा बाऊ नको, असं मी म्हणत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, आमची आजी 'पोटात कालवतंय' म्हणते, कधी 'कळ निघते' म्हणते. दोन्ही वेगळं असतं. तेलुगूतलं कालवणं मला कधी कळणार?"

गुरुजींनी वही मिटली.

पुढचं काम कागदांचं होतं, आणि लोक चुकतात ते तिथेच. मूळ कागदपत्रं एकाच कॉलेजात जमा होतात, दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. ऑल इंडियाच्या पहिल्या फेरीत लागलेली सीट सोडली तर डिपॉझिट जात नाही, पुढच्या फेऱ्यांना ही मोकळीक नसते. सरकारी कॉलेजचा बाँड सही करण्याआधी वाचायचा: महाराष्ट्रात एक वर्ष सेवा द्यायची असते. आणि राज्याच्या फेरीत स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली सीटच ठेवायची असा फॉर्म भरला की पुढच्या फेरीचं दार बंद. तो न भरता बेटरमेंटला, म्हणजे याहून चांगल्या कॉलेजसाठी थांबलात आणि वरचं कॉलेज लागलं, तर हातातली सीट आपोआप जाते. म्हणून पसंतीच्या यादीत वर तेवढीच नावं ठेवायची जिथे खरंच जायचंय. तिने अंबाजोगाई, नांदेड, लातूर एवढी तीनच ठेवली. गुरुजींना बारा हवी होती.

दुसऱ्या फेरीत काही लागलं नाही. ती नव्या कॉलेजातच राहिली.

दिवाळीनंतर गुरुजींचा फोन आला. प्राध्यापकांच्या जागा अजून रिकाम्याच होत्या, पण तक्रार निराळी होती. "दीड तासावर आहे हो, तरी पोरगी रविवारी घरी येत नाही. आजी डबा भरून बसते."