लेडो रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते जनरल स्टिलवेल कोण होते?

आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणाऱ्या रस्त्याला स्टिलवेल रोड का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. जोसेफ स्टिलवेल हे अमेरिकी लष्करातले जनरल. जन्म १८८३ चा, वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून १९०४ साली बाहेर पडले. पुढे पेकिंगला राहून चिनी भाषा शिकले. म्हणूनच १९४२ मध्ये त्यांना चीनचे तेव्हाचे नेते च्यांग कै-शेक यांच्याकडे पाठवलं गेलं.

माझ्या मनात त्यांचं जे चित्र आहे ते त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता. न्यायला आलेलं विमान त्यांनी नाकारलं आणि शंभरावर माणसं घेऊन पायी निघाले: अमेरिकी, इंग्रज, चिनी, शिवाय ब्रह्मदेशात काम करणारे अमेरिकी मिशनरी डॉक्टर सीग्रेव्ह यांच्या ब्रह्मी परिचारिका. पुढे एकोणसाठ वर्षांचे स्टिलवेल, मिनिटाला १०५ पावलं या ठेक्यात. २० मे रोजी सगळे इम्फाळला पोचले. वाटेत एकही दगावला नाही. दिल्लीत पत्रकारांपुढे त्यांनी सारवासारव केली नाही. आपण मार खाल्ला, ही नामुष्की आहे, का हरलो ते शोधून परत जायला हवं, असं सरळ सांगितलं.

आणि ते परत गेले. आजच्या झारखंडमधल्या रामगढला (१९४० चं काँग्रेस अधिवेशन झालं तेच) हिमालयावरून विमानांनी आणलेल्या चिनी शिपायांना त्यांनी पोटभर जेवण, औषधपाणी, बंदुका आणि कसून तालीम दिली. चिनी शिपाई लढत नाही असं म्हणणाऱ्यांना याच फौजेने ब्रह्मदेशात उत्तर दिलं. मला हे त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

पण उत्तर ब्रह्मदेशातल्या मिचिना शहराच्या वेढ्यात, १९४४ साली, आमांश आणि तापाने खंगलेल्या अमेरिकी सैनिकांनाही त्यांनी लढाईत ठेवलं. ते मला आजही पटत नाही.

जीभ तिखट, च्यांगशी उभा दावा. ऑक्टोबर १९४४ मध्ये च्यांगच्या हट्टापायी त्यांना परत बोलावलं गेलं. रस्ता पुरा झाला तो जानेवारी १९४५ मध्ये, ते नसताना, आणि त्याला त्यांचं नाव दिलं खुद्द च्यांगनी. पुढच्याच वर्षी पोटाच्या कर्करोगाने ते गेले.

रस्त्याची माती मात्र उपसली ती हजारो स्थानिक मजुरांनी आणि अमेरिकी सैनिकांनी. त्या सैनिकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते.