खिडक्या थरथरतात, मग आकडा लहान का?

प्रश्न : आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा मांडव असतो. ढोल आणि स्पीकर सुरू झाले की तावदानं थरथरतात, पण मोबाइलच्या ॲपवर ६८ डेसिबलच दिसतात. शेजाऱ्यांच्या फोनवर त्याच वेळी ७५. खरं कोणतं मानावं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : यातला कुठलाही आकडा तक्रारीत लिहू नका. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी असतो. बरेच फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि खर्ज कापतात, तेही प्रत्येक मॉडेल आपापल्या परीने. काल-आजची तुलना करायला एकच फोन, एकाच जागी, चालेल. खरं मोजमाप हवं तर ध्वनिमापक मीटर आणा आणि आधी कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज काढणारं तपासणी यंत्र) लावून ते १००० हर्ट्झला ९४ डेसिबल दाखवतंय का, हे पाहा.

तावदानांचं कोडं मात्र चांगल्या मीटरवरही राहील. मीटरची 'ए' सेटिंग कानासारखी असते, खर्ज कमी धरते. ५० हर्ट्झचा आवाज तीवर सुमारे ३० डेसिबलने कमी दिसतो, 'सी'वर जेमतेम १ ने. म्हणून दोन्ही मोजा. 'सी' १५-२० ने जास्त आला, तर त्रास खर्जाचा आहे. नियमांतली मर्यादा 'ए'चीच आहे, पण मंडळाला 'बास कमी करा' हे नेमकं सांगता येतं.

मीटर हातात धरू नका, अंगावरून आवाज परततो. स्टँडवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, भिंतीपासून ३-४ मीटर दूर ठेवा. माइकवर स्पंजची टोपी हवीच, नाहीतर वाराच मोजला जाईल. निदान १५ मिनिटांचा 'एलईक्यू', म्हणजे त्या वेळेतल्या आवाजाच्या ऊर्जेची सरासरी, घ्या. आकड्यांची साधी सरासरी काढणं ही नेहमीची चूक. अर्धा तास ८० आणि अर्धा तास ५० असेल, तर उत्तर ६५ नव्हे, ७७ येतं. मांडव शांत असतानाही एकदा मोजा. फरक १० हून जास्त असेल तर रहदारीसारखा इतर आवाज विसरा. ३ असेल तर मोजलेल्यातून ३ वजा करा. त्याहून कमी असेल तर ते मोजमाप सोडून द्या.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. लाउडस्पीकरसाठी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. म्हणजे तुमच्याकडे दिवसा ६५. तेव्हा मीटर तुमच्या गच्चीवर नको, मांडवाच्या हद्दीवर लावा.

मंडळ 'चारऐवजी दोन स्पीकर लावतो' म्हणालं, तर फक्त ३ डेसिबल कमी होतील. कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० कमी व्हावे लागतात. त्यासाठी ॲम्प्लिफायरच खाली आणायला सांगा.