गाडी आधी डावीकडं ओढायची, आता उजवीकडं ओढतीय

सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आलंय, चार पानी, त्यातलं कामाचं तेवढं सांगते. मुलगा यंदा बारावी सायन्सला ५४ टक्क्यांनी पास, सीईटीत हाती काही लागलं नाही. वडील पतसंस्थेत क्लार्क, आजोबा पॉवरलूमवर जॉबर होते. मुलगा दिवसभर होटगी रोडच्या एका गॅरेजात गाड्यांखाली पडलेला असतो, ते 'तेलकट धंदे' बंद व्हावेत म्हणून महिनाभरापूर्वी वडिलांनी त्याचा मोबाइल काढून घेतला. प्रश्न असा की वर्ष रिपीट करून परत सीईटी द्यायला लावू का कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्यातनं कॉम्प्युटरची सीट घेऊ. आणि शेवटची ओळ, 'मॅडम, तुम्हीच त्याला समजवा.'

दादा, नमस्कार.

समजवायचं कुणाला ते आधी ठरवू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, चार पानांत मुलाचं नाव एकदाही नाही. 'पोरगं', 'चिरंजीव', 'हा'. तुमच्या साडूच्या मुलाचं नाव मात्र तीन ठिकाणी आहे, पुण्यातल्या कंपनीसकट आणि पॅकेजसकट. मला सल्ला विचारताय तुमच्या मुलाबद्दल आणि माहिती पाठवलीय साडूच्या मुलाची.

मार्कांची मला फार काळजी वाटली नाही, ५४ टक्केवाले रोज येतात माझ्याकडं आणि बहुतेकांचं नीट होतं. काळजी वाटली ती दुसऱ्या पानावरच्या लग्नाच्या किश्श्याची. पंगतीत पाहुण्यांसमोर तुम्ही त्याला 'दाखव रे हात' म्हणालात, त्यानं दाखवले, नखांत काळं होतं, सगळे हसले आणि तो न जेवताच उठून गेला. हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय, पुढं हसण्याचं चिन्हपण काढलंय. दादा, अठराव्या वर्षी माणूस भर पंगतीतनं उठून जातो तेव्हा त्याला भूक नसते म्हणून जात नाही. त्यानंतर तो घरात बोलत नाही, विचारलं की 'बरं' एवढंच म्हणतो, अशी तक्रार पुढच्याच पानावर आहे. या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं लिहिताना तुमच्या लक्षात आलं नाही का ओ?

तुमची भीती मला कळत नाही असं नाही. सोलापुरात माग बंद पडताना बघत वाढलेल्या माणसाला हाताचं काम म्हणजे काय वाटतं ते मला माहितीय. 'वडिलांनी तेलात हात घातले ते आम्हाला घालायला लागू नयेत म्हणून', हे तुमचं वाक्य मला पटतं. पण जॉबर म्हणजे काय असतं ते तुम्ही विसरलात. वीस-पंचवीस मागांच्या खडखडाटात एका मागाचा आवाज बदलला की ज्याची मान वळते तो जॉबर. माग चालवणारे खूप असतात, बिघाड नेमका कुठाय ते सांगणारा एखादाच, आणि मालक पगार देताना त्याच्याशी आवाज चढवून बोलत नाही.

आता चौथ्या पानावरची गोष्ट, जी तुम्ही पोरगं वाया चाललंय याचा पुरावा म्हणून दिलीय. तुमची गाडी डावीकडं ओढायची. एका गॅरेजवाल्यानं पुढचे शॉकअप बदलले, ओढणं तसंच. दुसऱ्यानं व्हील अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांचे कोन जुळवले, एकदा नाही तीनदा, तरी तसंच. मग चिरंजीव रात्री अकराला बोळात जॅक लावून बसले, पुढची दोन्ही चाकं काढली, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं लावलं, शेजारीपाजारी गॅलरीतनं बघतायत आणि सकाळी तुम्ही गाडी काढली तर ती उजवीकडं ओढायला लागली. 'होती ती गाडीपण बिघडवून ठेवली,' असं तुम्ही लिहिलंय.

मी मेकॅनिक नाही, पण हे वाचून मला राहवलं नाही, म्हणून ओळखीच्या एका फोरमनला जाऊन वाचून दाखवलं. पंचवीस वर्षं गाड्यांच्या पुढच्या बाजूचंच काम करतोय तो माणूस. ऐकून हसला आणि म्हणाला, "मॅडम, पोरानं बिघडवली नाही, पोरानं शोधून काढलं की. चाकांची जागा बदलल्यावर ओढायची बाजूपण बदलली, म्हणजे दोष टायरमधी. अलाइनमेंटचा किंवा सस्पेन्शनचा असता तर गाडी होती तिकडंच ओढत राहिली असती." रेडियल टायरच्या आतल्या बांधणीत फरक असला की तो एखाद्या शंकूसारखा एका बाजूला पळायला बघतो, वरनं कितीही चांगला दिसला तरी. अलाइनमेंटच्या मशिनवर गाडी उभी असते, तिथं हे दिसतच नाही. मग त्यानं मला विचारलं, चाकं बदलण्याआधी टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे का ते पोरानं बघितलं का, कारण तसले टायर असे अदलाबदल करायचे नसतात. मी परत पत्र काढलं, तर तुम्हीच लिहिलंय की 'टॉर्च घेऊन अर्धा तास नुसता टायरकडं बघत बसला होता'.

दोन गॅरेजांनी तुमच्याकडनं पैसे घेतले आणि अंदाजानं काम केलं. मुलानं एक पैसा न घेता एक प्रश्न विचारला आणि गाडीनं त्याला उत्तर दिलं. या धंद्यात पाना फिरवणारे ढिगानं आहेत, असा प्रश्न विचारणारे कमी. मी स्वतः एकदा पुढनं येणाऱ्या खडखडीसाठी दोन्ही शॉकअपचे पैसे मोजलेत, गाव सांगत नाही, आणि खडखड शेवटी निघाली लिंक रॉडची, म्हणजे शॉकअपच्या मानानं किरकोळ पार्टची. म्हणून जरा जास्तच तळमळीनं लिहितेय.

त्या फोरमननं मग मला एका जॅकवरच्या गाडीपाशी नेलं. चाकाला वर-खाली धरून हलवायला लावलं, मग डाव्या-उजव्या बाजूला धरून. वर-खाली धरल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट म्हणजे चाक वळू देणारा सांधा, आडवं धरल्यावर लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅकची, म्हणजे स्टेअरिंगची बाजू. तेवढ्यात आतल्या पोराला म्हणाला ब्रेक दाब, आणि माझ्या हातातला तो कटकट हलणारा प्ले गायब झाला. "आता सांगा काय?" मला कुठलं सांगता येतंय, तर म्हणाला, "बेअरिंग. ब्रेकनं डिस्क पकडून ठेवली ना, म्हणून थांबलं. बॉल जॉइंट असता तर हलत राहिला असता." या सगळ्याला मोजून दोन मिनिटं लागली. आणि एक गोष्ट त्यानं सांगितली ती माझ्या डोक्यातनं जातच नाहीये, की लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा, नवा रबरी बुश टाकला की त्याचा बोल्ट गाडी वर लटकलेली असताना पूर्ण आवळायचा नसतो, चाकांवर वजन आल्यावर आवळायचा, नाहीतर गाडी खाली उतरली की आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट निघाला. पार्ट ओरिजिनलच असतो, आवळणारा चुकलेला असतो.

आता तुमचा एक गैरसमज, तो जरा सविस्तर काढते कारण शिकलेसवरलेले पालकपण हेच बोलतात. तुम्ही लिहिलंय, 'आता सगळं स्कॅनर लावला की कळतं, मेकॅनिकच्या डोक्याला काय किंमत राहणार.' तसं नसतंय ओ. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं मशिन, फक्त ते सांगतो जिथं सेन्सर बसवलाय. फाटलेल्या बुशला सेन्सर नसतो, ढिल्या बॉल जॉइंटला नसतो, गळणाऱ्या शॉकअपला नेहमीच्या गाड्यांत नसतो. जिथं सेन्सर आहे तिथंपण तो आजार सांगत नाही, लक्षण सांगतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग जड झालं, दिवा लागला, स्कॅनरवर कमी व्होल्टेजचा कोड आला, तर कच्चा माणूस अख्खं स्टेअरिंगचं युनिट बदलायला सांगतो आणि गिऱ्हाइकाचा महिन्याचा पगार जातो. जाणकार माणूस आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर बघतो, अल्टरनेटर नीट चार्ज करतोय का बघतो, कारण मोटरला पुरेसा करंटच मिळाला नाही तर ती बिचारी जोर कुठनं लावणार. अलाइनमेंटच्या मशिनचंही तेच, ती टो, कॅम्बर, कॅस्टर या चाकांच्या कोनांचे आकडे दाखवते, पण टाय रॉड एंडच ढिला असेल तर ते आकडे गाडी मशिनवरनं उतरली की बदलले. आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढं फक्त टो सेट करता येतो, कॅम्बर ठरलेल्या हद्दीबाहेर दिसला तर तो फिरवायचा स्क्रू नसतोच, काहीतरी वाकलंय नाहीतर झिजलंय ते शोधायला लागतं. मशिन वाढल्या तशी शोधणाऱ्याची गरज वाढली, कमी नाही झाली. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हे सगळं संपणार असं म्हणायच्या तयारीत असाल तर त्यांनाही चाकं, स्टेअरिंग आणि सस्पेन्शन असतंच, वर बॅटरीचं वजन.

सोलापुरात तर विचारायलाच नको. पुणे-हैदराबादचा ६५ नंबरचा हायवे आणि विजापूरकडं जाणारा ५२ नंबरचा, दोन्ही आपल्या गावातनं, आणि ऊस सुरू झाला की गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर किती वजन बसतं ते कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहून बघा.

आता मार्ग, ते एका दमात सांगते कारण त्यात गुपित काही नाही. बारावी सायन्सवर ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, म्हणजे दोन वर्षं, पुढं वाटलं तर डिग्रीलाही डायरेक्ट सेकंड इयरच. नाहीतर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल, दोन वर्षं, मग एसटीत किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस. मला विचाराल तर डिप्लोमा, पण ते त्यानं ठरवायचं. रिपीट नको. ज्या अभ्यासात रस नव्हता तोच अभ्यास अजून एक वर्ष करायला लावून रस येत नाही. आणि कर्ज काढून कॉम्प्युटर तर अजिबात नको, कॉम्प्युटर वाईट म्हणून नाही, चार पानांत एकदाही मुलाला त्याची आवड आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून. हप्ते तुम्ही भरणार, पेपर तो देणार आणि कौतुक साडूंना सांगणार, यात फायदा कुणाचा?

आता थोडं त्या गॅरेजबद्दल, म्हणजे मी नुसतीच पोराची बाजू घेतेय असं वाटायला नको. तो आत्ता तिथं काय म्हणून जातोय? पैसे मिळतात का, शिकवतं का कुणी, का नुसता 'ए बारक्या, पाना आण'? असं चार वर्षं काढली तर हातात कला असेल पण कागद नसेल, आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कागद विचारतात. दुसरं, स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची जोडणी, खोलताना स्प्रिंग कम्प्रेसरनं नीट दाबून न धरता वरचा नट सोडला तर ती स्प्रिंग माणसाला जन्माचं अधू करू शकते, जीवही घेऊ शकते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लागतो. त्या रात्री बोळात स्टँड होता का? हे तुम्ही त्याला विचारायला हवं होतं, तुम्ही विचारलंत लोक काय म्हणतील. कंबरेचा त्रास या कामात लवकर सुरू होतो आणि पहिली दोनतीन वर्षं पैसे बेताचेच, हेही त्याला आधीच माहीत असू दे.

तर तुम्ही करायचं एवढंच. मोबाइल परत द्या, आजच, अटी न घालता. एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर त्या गॅरेजात जाऊन तासभर बसा, बोलू नका, त्याला काम करताना बघा, मालकाला भेटा. पुढचं पत्र मला त्याला लिहू दे, त्याच्या नावानं, तुम्ही वाचायचं नाही.

आणि गाडीचं. उजवीकडं ओढणारी गाडी समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते, डावीकडं ओढणारीपेक्षा ते वाईट, तेव्हा तशी चालवत बसू नका. फोरमन म्हणाला लगेच नवे टायर घ्यायची गरज नाही, नक्षी पुरेशी शिल्लक असेल तर पुढचे दोन्ही मागं आणि मागचे पुढं टाकून बघा, मागं गेल्यावर तसला टायर फारसा त्रास देत नाही. हे मुलालाच करायला सांगा. रात्री अकराला नको, सकाळी, उजेडात, स्टँड लावून, शेजारी गॅलरीत उभे असताना, आणि टॉर्च नाहीतर पाना हातात द्यायला तुम्ही शेजारी उभे राहा.