मीटिंग मागितली तर शाळा चिडेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे, ऑटिझम आहे. त्याला शाळेत आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास एकट्याला स्पीच थेरपी मिळायची. मागच्या आठवड्यात आयईपीची (शाळेत त्याला कुठली मदत किती द्यायची याच्या लेखी प्लॅनची) वार्षिक मीटिंग झाली त्यात एकदम सांगितलं की आता एकदाच, आणि तीही ग्रुपमधे, कारण म्हणे तो खूप छान प्रोग्रेस करतोय. टेबलाच्या त्या बाजूला सहा जण आणि या बाजूला मी एकटी, मला काही सुचलंच नाही, कागद पुढे केला त्यावर सही करून आले आणि गाडीत बसून रडले. आता परत मीटिंग मागता येते का की पुढच्या वर्षापर्यंत गप्प बसायचं? नवरा म्हणतो आपण एच-वन व्हिसावर आहोत, शाळेशी पंगा नको.
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : अगं आधी तो कागद काढ आणि सही नक्की कशाखाली आहे ते बघ. (तुला हे मेलवर लगेच कळवलं होतं, अंक हातात पडेपर्यंत मुदत संपून गेली असती, इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी.) मीटिंगला हजर होते एवढ्याचीच सही असेल तर काही बिघडलेलं नाही. पण "बदल लगेच लागू करायला माझी संमती आहे" अशा ओळीखाली असेल तर मग गोष्ट वेगळी.

कारण न्यू जर्सीत पहिल्यांदा आयईपी बनतो तेव्हा पालकांची लेखी संमती लागते, पण पुढच्या वर्षीच्या बदलांना लागत नाही. शाळा लेखी नोटिस देते आणि तिथून १५ दिवसांत तुम्ही मिडिएशनचा (मध्यस्थ बसवून तोडगा काढायचा) किंवा ड्यू प्रोसेसचा (रीतसर सुनावणीचा) अर्ज केला नाही तर बदल आपोआप लागू होतो. कितीतरी आया मला विचारतात की मी सही केलीच नव्हती मग थेरपी कमी कशी झाली, तर अशी झाली. आणि हाच अर्ज १५ दिवसांच्या आत राज्याच्या शिक्षण खात्याकडे गेला, त्याची कॉपी शाळेच्या डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेला) गेली, की वाद मिटेपर्यंत जुनी थेरपी तशीच चालू राहते. याला स्टे पुट म्हणतात. नुसतं "मला मान्य नाही" असं मेल केलं किंवा नवीन मीटिंग मागितली तर हे घड्याळ थांबत नाही, हे डोक्यात पक्कं बसव. मिडिएशन फुकट असतं, वकील लागत नाही, दोन्ही बाजू तयार असतील तरच होतं, म्हणून सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात.

आता मीटिंगचं. वर्षातून एकदा आयईपी बघायलाच हवा असं आयडिया, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा म्हणतो, पण ते कमीत कमी. पालक कधीही मागू शकतात, आणि तुमच्या राज्यात लेखी मागणी मिळाल्यापासून २० दिवसांत डिस्ट्रिक्टने मीटिंग घ्यायला लागते, शाळेच्या सुट्ट्यांचे दिवस धरत नाहीत पण उन्हाळ्याची सुट्टी मात्र धरतात. लेखी म्हणजे केस मॅनेजरला (मुलाची फाइल सांभाळणाऱ्या व्यक्तीला) मेल, चाइल्ड स्टडी टीमच्या (मुलांची तपासणी करणाऱ्या शाळेच्या तज्ञांच्या गटाच्या) सुपरवायझरला सीसी, तारीख घालून. चार ओळी पुरतात : मला आयईपी टीमची मीटिंग हवी आहे, स्पीच थेरपी कमी करण्याबद्दल बोलायचं आहे, थेरपिस्ट हजर हवी, आणि मीटिंगच्या आधी थेरपीच्या नोंदी आणि गोल्सचा सगळा डेटा पाठवा. मुलाचे रेकॉर्ड मीटिंगच्या आधी बघायला मिळणं हा हक्क आहे, मेहरबानी नाही.

मी स्वतः हे शिकले ते ठेच लागून. माझ्या लेकीच्या वेळी मी तब्बल आठ महिने शाळा सुटताना दारात उभी राहून बोलायचे, टीचर गोड, "हो हो बघतो आम्ही" म्हणायची, मी घरी येऊन निश्चिंत. मग एक दिवस फाइल मागवली तर माझ्या एकाही बोलण्याचा त्यात मागमूस नाही, शाळेच्या लेखी मी कधी काही मागितलंच नव्हतं. चूक टीचरची नव्हती हो, आपल्याकडे मोठ्या सरांना लेखी द्यायचं म्हणजे तक्रार केल्यासारखं वाटतं ना, तेच माझ्या अंगात होतं. इथे उलट आहे, लेखी दिलं की त्यांनाही आत काम पुढे सरकवता येतं.

मीटिंगमधे तुला विचारायचं एकच : कुठल्या डेटावरून कमी केली? मूल प्रोग्रेस करतंय हे तर थेरपी चालल्याचं लक्षण झालं, ती काढायचं कारण कसं होईल? आणि थेरपिस्टकडे वेळ नाही, शेड्यूल बसत नाही, असं काही कानावर आलं तर ते तसंच्या तसं लिहून घे, कारण सेवा मुलाच्या गरजेवर ठरते, स्टाफवर नाही. २०१७ मधे एंड्रू एफ. केसमधे सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलंय की नावापुरती प्रगती चालणार नाही, त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल असाच आयईपी हवा. घरी पण एक वही ठेव, आज किती वाक्यं स्वतःहून बोलला, आजीला फोनवर काय सांगितलं, मराठीत बोलला तेही लिही. (आणि घरी मराठी बंद करा असं कोणी सुचवलं तर गोड हसून सोडून दे.)

एकटी जाऊ नकोस. मुलाला ओळखणारं कोणीही नेता येतं, बाहेरची थेरपिस्ट, मैत्रीण, नवरा तर हवाच. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा माग, ती सोय शाळेने करायची असते. न्यू जर्सीत आधी सांगून ऑडिओ रेकॉर्डिंगही करता येतं. पालकांना फुकट मदत करणारं केंद्र प्रत्येक राज्यात असतं, तुमच्याकडचं स्पॅन, त्यांना फोन कर.

शाळा नाही म्हणाली तर नकार आणि त्याची कारणं लेखी माग, ती त्यांना द्यावीच लागतात. त्यांनी केलेली टेस्टिंगच पटत नसेल तर बाहेरच्या तज्ञाकडून स्वतंत्र इव्हॅल्युएशन डिस्ट्रिक्टच्या खर्चाने मागता येतं, मग एकतर ते पैसे देतात नाहीतर आपली टेस्टिंग बरोबर होती हे सिद्ध करायला स्वतः ड्यू प्रोसेसला जातात. ठरलेले सेशन्स झालेच नाहीत असा प्रकार असेल तर राज्याकडे लेखी तक्रार, एक वर्षाच्या आत, निकाल साधारण ६० दिवसांत. ड्यू प्रोसेस म्हणजे जवळजवळ कोर्टच, त्याला दोन वर्षांची मुदत असते पण स्टे पुट हवा असेल तर तुझे ते १५ दिवसच खरे.

आणि व्हिसाचं म्हणशील तर नवऱ्याला सांग, आयडियामधे व्हिसाची अट कुठेच नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पब्लिक शाळेतून वगळता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मधेच सांगून ठेवलंय, तुम्ही तर एच-वनवर सगळे कागद घेऊन बसलेले लोक.

प्रश्न : आम्ही टेक्ससला असतो, इथे आयईपी मीटिंगला एआरडी म्हणतात. टीमचं म्हणणं आम्हाला पटलं नाही तर तिथल्या तिथे हो-नाही सांगायलाच लागतं का? ड्यू प्रोसेसला गेलो तर जिंकू का?
– एक बाबा, टेक्सस

उत्तर : नाही. असहमत आहोत असं कागदावर नोंदवायला सांगा आणि रिसेस मागा, म्हणजे मीटिंग थांबवून नंतर परत बसायचं. जास्तीत जास्त दहा शाळेचे दिवस मिळतात, एकदाच, तेवढ्यात रिपोर्ट वाचा, कोणाला तरी दाखवा, मग परत बसा. तरीही जमलं नाही तर शाळा तिचा प्लॅन लागू करू शकते, तुम्ही का असहमत आहात ते लिहून जोडता येतं, ते जरूर जोडा. जिंकाल का ते मी कशी सांगू? पण एक फरक लक्षात असू द्या, न्यू जर्सीत आपला आयईपी योग्य आहे हे शाळेला सिद्ध करावं लागतं, तुमच्याकडे जो ड्यू प्रोसेस मागतो त्याच्यावर ते ओझं येतं, २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे. म्हणजे डेटा तुमच्याकडेच जास्त हवा. फाइल आत्ताच मागवून ठेवा, मीटिंगची तारीख पडायची वाट बघू नका.